फास्ट माउसपॅड घेण्याआधी तुमची गोळी कुठे हुकते ते बघा

मागच्या महिन्यात भाच्याने मला विचारलं, “मावशी, सगळ्यात फास्ट माउसपॅड कोणता गं?” मी त्याला म्हटलं, “आधी हे सांग, तुझी गोळी हुकते तेव्हा क्रॉसहेअर कुठे असतो? डोक्याच्या अलीकडे राहिलेला, की पलीकडे गेलेला?” (क्रॉसहेअर म्हणजे नेमबाजीच्या गेममध्ये पडद्यावर दिसणारी नेमाची खूण.) त्याला सांगता येईना. मलाही बरीच वर्षं सांगता आलं नसतं. पण फास्ट पॅड घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कितपत फास्ट, हे या एका उत्तरावर ठरतं. पॅडच्या डब्यावर लिहिलेलं ‘स्पीड’ किंवा ‘कंट्रोल’ त्यानंतर वाचायचं.

मी २०१९ पासून एपेक्स लेजंड्स खेळते, तीन जणींच्या हौशी टीममध्ये. भाचा व्हॅलोरंट खेळतो. दोन्ही गेम माउसवरच चालतात, पण हाताला अगदी वेगळं काम देतात. माझं बहुतेक काम ट्रॅकिंगचं असतं: समोरचा धावतोय, उड्या मारतोय, दिशा बदलतोय, आणि मला सेकंद-दीड सेकंद क्रॉसहेअर त्याच्या अंगावर ठेवायचाय. त्याला कोपऱ्यावर थांबून एक गोळी डोक्यात घालायची असते. त्यामुळे माझ्या हाताला बसलेला पॅड मी डोळे झाकून त्याला सुचवू शकत नाही.

फास्ट म्हणजे नेमकं काय

जड कपाट सरकवलं असेल तर आठवून बघा. पहिला धक्का जोरात द्यावा लागतो, आणि एकदा ते सुटलं की मग कमी जोरावर सरकत राहतं. माउसचंही तसंच आहे. जागचा सुटायला लागतो तो एक जोर, सरकत ठेवायला लागतो तो दुसरा. पाठ्यपुस्तकात यांना स्थितिक आणि गतिक घर्षण म्हणतात. मी इथे ‘सुटतानाचं’ आणि ‘सरकतानाचं’ असंच म्हणणार आहे. फास्ट पॅडवर दोन्ही कमी असतात, पण माझ्या मते घेताना पहिलंच जास्त बघायला हवं. सरकतानाचं घर्षण थोडं कमीजास्त असेल तर हात आठवड्याभरात सावरून घेतो. सुटतानाचा झटका मात्र हाताला कधीच नीट पचत नाही, कारण तो दर वेळी सारखा नसतो.

हा झटका केवढ्या अंतरात बसतो ते मोजून बघा. भाच्याचा माउस ८०० डीपीआयवर आहे (ही माउसची स्वतःची संवेदनशीलता) आणि व्हॅलोरंटमधला सेन्स, म्हणजे गेममध्ये ठेवलेली संवेदनशीलता, ०.३५. म्हणजे पूर्ण ३६० अंश फिरायला त्याला माउस साधारण ४६.६ सेंटीमीटर सरकवावा लागतो. आता क्रॉसहेअर डोक्यापासून अर्धा अंश बाजूला राहिला, तर तो दुरुस्त करायला माउस किती हलायला हवा? सुमारे ०.६५ मिलिमीटर. एक मिलिमीटरसुद्धा नाही! एवढ्याशा हालचालीत माउस आधी चिकटून राहिला आणि मग एकदम सुटला, तर तो ०.६५ वर थांबत नाही, दीड मिलिमीटर जातो. मग आपण परत मागे आणतो, परत चिकटतो, परत सुटतो. खेळाची रेकॉर्ड केलेली क्लिप हळू करून पाहिली की क्रॉसहेअर डोक्याच्या दोन्ही बाजूंना थरथरताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं खेळाडू घाबरलाय.

ट्रॅकिंगमध्ये हेच दिशा बदलताना होतं. समोरचा डावीकडून उजवीकडे वळला की आपला माउसही क्षणभर थांबून उलटा निघतो. त्या थांबण्याच्या क्षणी सुटतानाचं घर्षण आडवं येतं. एका लढाईत समोरच्याने चार वेळा दिशा बदलली तर चार वेळा.

आधी स्वतःचं निदान

तुमचं ३६० अंशांचं अंतर काढायला दोन आकडे लक्षात ठेवा. व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला डीपीआय आणि सेन्सच्या गुणाकाराने भागायचं, उत्तर सेंटीमीटरमध्ये येतं. काउंटर-स्ट्राइक आणि एपेक्ससाठी तोच आकडा ४१५६४. माझं एपेक्समधलं गणित: ८०० गुणिले १.२ म्हणजे ९६०, आणि ४१५६४ भागिले ९६० म्हणजे ४३.३ सेंटीमीटर. याच्या निम्मं अंतर तुम्हाला मागे वळायला लागतं. ते तुमच्या पॅडच्या रुंदीत, मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना, आरामात मावायला हवं. माझ्यासारख्या सेन्सला ४५ सेंटीमीटर रुंद पॅड जेमतेम पुरतो. ३६० चं अंतर ६० च्या पुढे असेल तर लहान पॅडचा विचारही करू नका, तो कितीही फास्ट असू दे.

मग कोव्हाक्स किंवा एम लॅब या नेमाच्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये जा आणि स्क्रीन रेकॉर्ड करत दहा-दहा मिनिटं दोन प्रकार खेळा. एक, भिंतीवरच्या स्थिर गोल लक्ष्यांवर फ्लिक करायचा, म्हणजे एका झेपेत नेम तिथे न्यायचा. दुसरा, सतत हलणाऱ्या एका गोल लक्ष्यावर ट्रॅकिंग. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने बघा आणि कागदावर रेघा ओढा. मोठी झेप कमी पडली, मोठी झेप पुढे गेली, झेप बरोबर पण नंतरची बारीक दुरुस्ती उडाली, आणि ट्रॅकिंगमध्ये दिशा बदलताना मागे राहिलात: असे चार रकाने पुरतात.

शेवटच्या दोन रकान्यांत रेघा जास्त असतील तर तुमच्या हाताखाली काहीतरी चिकटतंय आणि फास्ट पॅडचा तुम्हाला खरा फायदा होईल. मोठी झेप सारखी कमी पडत असेल तरी थोडा फास्ट पॅड मदत करतो, फक्त आधी सेन्स तपासा. मात्र मोठी झेपच पुढे जात असेल तर फास्ट पॅडने दुखणं वाढेल. असं सांगितलं की लोकांना राग येतो, कारण व्हिडिओत काचेच्या पॅडवर कुणीतरी अप्रतिम खेळताना पाहिलेलं असतं. पण त्या माणसाचा हात थांबायला शिकलेला असतो.

पृष्ठभाग

कापडी पॅडपासूनच सुरुवात करा. ‘कापडी म्हणजे स्लो’ हा गैरसमज आहे. विणीवर आणि धाग्यावर सगळं अवलंबून असतं. झोवीचा जी-एसआर स्लो म्हणून प्रसिद्ध आहे, तर जपानच्या आर्टिसान कंपनीचे हिएन आणि रायडेन हेही कापडीच, आणि चांगले फास्ट. त्याच कंपनीचा झीरो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतो. बोटाची पाठ पॅडवरून हलके फिरवलीत तर फरक लगेच कळतो. स्लो पॅड मखमलीसारखा लागतो, फास्ट कापडी पॅड किंचित खरखरीत. हे पहिल्यांदा उलट वाटतं, पण खरखरीत विणीत माउसचे पाय, म्हणजे त्याच्या तळाशी चिकटवलेल्या गुळगुळीत पट्ट्या, फक्त उंचवट्यांना टेकतात, मधल्या खोलगट जागांना टेकत नाहीत.

कापडात एक गोष्ट मात्र जरूर तपासा: आडवं आणि उभं सरकणं सारखं आहे का. विणीला दिशा असते, त्यामुळे काही पॅडवर माउस डावी-उजवीकडे सहज जातो आणि वर-खाली जरा ओढल्यासारखा वाटतो. रीकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बंदुकीला बसणारा वरचा झटका, सांभाळताना आपण माउस खाली ओढत असतो, तिथे हा फरक जाणवतो. पॅड ९० अंशांत फिरवून पाच मिनिटं खेळलं की शंका उरत नाही.

कापडावर लेप दिलेले पॅड हा मधला प्रकार. काहींमध्ये लेपात काच वापरतात. आर्टिसानचा शिदेनकाई तसा आहे. नवे असताना हे फार छान चालतात. माझा एक असा पॅड, वेगळ्या कंपनीचा, चार महिन्यांत मधोमध चकचकीत झाला. तळहाताएवढा डाग, त्यात माउस अडखळायचा आणि डागाबाहेर गेला की सुसाट सुटायचा. एकाच पॅडवर दोन वेग. कंपनीला फोटो पाठवले तर ‘नेहमीची झीज’ एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून मी लेपाचा पॅड घेण्याआधी नव्या पॅडचं कौतुक वाचत नाही, सहा महिने वापरलेल्या माणसाला शोधून विचारते. वापरलेला पॅड प्रत्यक्ष बघायला मिळाला तर उजेडात तिरका धरून मधला भाग बघा.

कडक प्लास्टिकचे पॅड आता कमी दिसतात. लॉजिटेकचा जी४४० त्यातला ओळखीचा, पण तो ३४० बाय २८० मिलिमीटरचा, म्हणजे कमी सेन्सवाल्यांना अपुरा. हे पॅड माउसचे पाय लवकर झिजवतात. तुम्ही फक्त मनगटाने, जास्त सेन्सवर खेळत असाल तरच विचार करा.

आता काच. स्कायपॅड, रेझर ॲटलस हे या प्रकारातले. काच गुळगुळीत नसते. सेन्सरला वाचता यावं म्हणून तिच्यावर बारीक पोत कोरलेला असतो. तरी काही जुन्या सेन्सरांना ती नीट वाचता येत नाही, म्हणून तुमच्या माउसचं नाव पॅडच्या कंपनीने दिलेल्या यादीत बघून घ्या. काचेवर सुटताना आणि सरकताना लागणारा जोर जवळजवळ सारखाच भासतो. हेच तिचं खरं वैभव. पहिल्या रात्री मी काचेवर खेळले तेव्हा ट्रॅकिंग इतकं गुळगुळीत झालं की मी टीममधल्या दोघींना रात्री एक वाजता मेसेज केला. दुसऱ्या दिवशी सरावाच्या सामन्यात जवळून शॉटगन चालवायची वेळ आली आणि प्रत्येक झेप माणसाला ओलांडून गेली. काचेवर थांबवायचं काम पूर्णपणे तुमच्या स्नायूंचं असतं. पॅड काहीच मदत करत नाही.

काचेला रोजची निगाही लागते. धुळीचा एक कण, एक केस पायाखाली आला तरी खर्र असा आवाज होतो आणि हात दचकतो. मी शेजारी मायक्रोफायबरचं फडकं ठेवायचे आणि प्रत्येक सामन्याआधी पुसायचे. माउसचे पीटीएफईचे (म्हणजे टेफ्लॉनचे) पाय काचेवर लवकर झिजतात, ते बदलायची तयारी ठेवा. आणि काचेचे पाय लावलेला माउस काचेच्या पॅडवर कधीही वापरू नका, दोन्ही खराब होतील.

खालचा थर

पृष्ठभागावर सगळे बोलतात, पण पॅडचा तळ किती मऊ आहे हे फारसं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर फास्ट पॅडमध्ये निम्मं यश तळाचं. कारण सरळ आहे: हाताचं वजन माउसवर पडलं की मऊ पॅडमध्ये पाय रुततात, आणि रुतलेल्या पायाला स्वतःच केलेल्या खळग्याची कड ओलांडून निघावं लागतं. म्हणजे वरचं कापड फास्ट असूनही सुटताना झटका लागतो. पॅड कडक असेल तर पाय वरच राहतात.

पण मऊपणाचा एक मोठा फायदा आहे, तो विसरू नका. झेप घेतल्यावर बोटांनी माउस किंचित खाली दाबला की मऊ पॅड ब्रेकसारखा पकडतो. कित्येक चांगले व्हॅलोरंट खेळाडू हे नकळत करतात. म्हणून ‘फास्ट कापड आणि मऊ तळ’ ही जोडी फ्लिकच्या गेमसाठी छान जमते, आणि ‘फास्ट कापड, कडक तळ’ ट्रॅकिंगसाठी. आर्टिसान एकच पृष्ठभाग एक्स-सॉफ्ट, सॉफ्ट आणि मिड अशा तीन कडकपणांत विकते, ते याचसाठी. मी स्वतः आता मिड तळाचा फास्ट कापडी पॅड वापरते. जाडीचा आकडा बघून कडकपणाचा अंदाज बांधू नका. जाड पॅड कडक असू शकतो आणि पातळ पॅड मऊ. जाडी बघायची ती टेबल खडबडीत असेल तर, किंवा मनगट टेबलाच्या कडेवर टेकत असेल तर.

फळीची परीक्षा

ही परीक्षा मी प्रत्येक पॅडवर करते, आणि तिला फक्त एक सपाट फळी आणि पट्टी लागते. फळी ४० सेंटीमीटर लांब घ्या. तिच्यावर पॅड क्लिपांनी घट्ट बसवा. काच असेल तर चिकटपट्टीने नीट बांधा आणि खाली उशी ठेवा. वर माउस ठेवा, वायरलेस असेल तर उत्तम. वायरचा असेल तर वायर वर सैल टांगा, नाहीतर ती ओढेल. आता फळीची एक कड टेबलावर टेकवून दुसरी हळूहळू उचला. माउस ज्या क्षणी सुटेल, त्या क्षणी वरची कड टेबलापासून किती उंच आहे ते मोजा. पाच वेळा करा, मधला आकडा धरा.

माझ्या काचेवर माउस ४ सेंटीमीटरला सुटायचा, म्हणजे जेमतेम ६ अंशांचा उतार. आताच्या कापडी पॅडवर कोरड्या दिवशी ८ सेंटीमीटर, साडेअकरा अंश. तोच पॅड, तोच माउस, दमट दिवशी ११ सेंटीमीटर, म्हणजे १६ अंश. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कित्येक महिन्यांचं कोडं सुटलं. काही दिवस माझा एम, म्हणजे नेम, ‘बिघडायचा’ आणि मी झोपेला, सेटिंगला, टीमला दोष द्यायचे. कापड हवेतली ओल धरतं, पाय ओढले जातात. काचेला ही अडचण फार कमी.

मग दुसरी फेरी: माउसवर चार पेन्सिल सेल चिकटपट्टीने बांधा, हाताच्या दाबाची नक्कल म्हणून. काचेवर माझा आकडा हलला नाही. मऊ पॅडवर तो दोन सेंटीमीटरने वाढला. आकडा जितका वाढेल तितके तुमचे पाय रुतताहेत असं समजा. आणि माउस कसा सुटतो तेही बघा. काही पॅडवर तो हलकेच, आधी जरासा आणि मग वेगाने निघतो. काहींवर अगदी शेवटपर्यंत घट्ट बसतो आणि एकदम खाली येतो. दुसऱ्या प्रकारचा पॅड मी घेत नाही, त्याची जाहिरात काहीही म्हणो.

पाय, बाही, साफसफाई

पाय बदलूनही पॅडचा वेग बदलतो, आणि पॅडपेक्षा तो प्रयोग सोपा. मोठे पाय मऊ पॅडवर वजन पसरवतात, कमी रुततात. ठिपक्यांसारखे छोटे पाय कडक पॅडवर फास्ट, मऊ पॅडवर रुतणारे. पायांच्या कडा गोल केलेल्या हव्यात; नव्या पायांची कड धारदार असेल तर दोन-तीन दिवस घासून बसू द्या, तोवर पॅडवर शिक्का मारू नका.

बरेचदा चिकटत असतो तो हात, माउस नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंतची घामट कातडी पॅडला धरते आणि आपल्याला वाटतं पॅड स्लो आहे. पातळ लांब बाहीचा शर्ट घालून एक दिवस खेळा. काचेवर तर बाही हवीच.

कापडी पॅड कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. घासायला मऊ स्पंज. गरम पाणी नको, वॉशिंग मशीन नको, ड्रायर तर मुळीच नको, तळाचा रबर सुटतो. साबणाचा अंश राहिला तर पॅड आधीपेक्षा चिकट होतो, म्हणून भरपूर पाणी घाला, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सपाट जागी सावलीत पूर्ण सुकू द्या. लेपाच्या पॅडवर फक्त ओलं फडकं फिरवा.

नवा फास्ट पॅड आला की पहिले दोन आठवडे सेन्स बदलू नका. झेप पुढे जाईल, सेन्स कमी करायचा मोह होईल, पण तेव्हा तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलता आणि कशाने काय झालं ते कळत नाही. रोज वीस मिनिटं मुद्दाम संथ ट्रॅकिंग करा, खांदा सैल ठेवून, माउस चिमटीत न आवळता. फास्ट पॅडवर आवळून धरलेला माउस थरथरतो. दोन आठवड्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग करा आणि तेच चार रकाने भरा. ‘मोठी झेप पुढे गेली’ हा रकाना तेव्हाही भरलेलाच असेल तर एक पायरी मऊ तळाकडे या, किंवा जरा स्लो विणीकडे.

भाच्याने अखेर रेघा ओढल्या. ४० हुकलेल्या गोळ्यांपैकी २६ बारीक दुरुस्तीच्या रकान्यात. मोठी झेप त्याची बहुतेक वेळा बरोबर पोचत होती. मी म्हटलं, “फळी लाव बघू.” त्याचा पॅड दोन वर्षं धुतलेलाच नव्हता, माउस १३ सेंटीमीटरला सुटला, तोही धपकन. धुवून, दोन दिवस सुकवून पुन्हा मोजलं तर ९. फास्ट पॅडची खरेदी त्याने सध्या पुढे ढकललीय, पण घेईल तेव्हा मऊ तळाचा घेईल असं ठरलंय. रोज रात्री तो मला एक क्लिप पाठवतो आणि खाली एवढंच लिहितो, “मावशी, हळू करून बघ.”